१०९८ या क्रमांकाविषयी, शेजाऱ्याच्या बाजूने

संकटातील मुलांसाठी असलेल्या १०९८ या मदत-दूरध्वनी सेवेचा मी ग्राहक नाही, हे आधीच सांगितले पाहिजे. ग्राहक म्हणायचेच झाले तर ते आमच्या भिंतीपलीकडचे एक मूल आहे आणि अभिप्राय लिहिण्याइतके ते अजून मोठे झालेले नाही. मी फक्त फोन लावणारा. तरीही लिहितो आहे, कारण फोन लावण्यापूर्वी सात आठवडे मी जी माहिती शोधत होतो, ती कोणी स्वतः वापरून पाहिलेली आणि साध्या मराठीत मांडलेली अशी मला कुठेच मिळाली नाही. नाशिकमध्ये मिसळीच्या प्रत्येक ठिकाणाविषयी शेकड्याने अभिप्राय सापडतात. शेजारच्या घरातील मुलाचे हाल होत आहेत अशी शंका आली तर नेमके काय घडते, याविषयी मात्र चार ओळीही सापडत नाहीत.

या लेखात उपनगराचे नाव, इमारतीचे नाव, मुलाचे वय, शाळा आणि तो मुलगा आहे की मुलगी यांपैकी काहीही येणार नाही, आणि जे तपशील येतील त्यांतील काही मी मुद्दाम बदलले आहेत. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार अशा मुलाची ओळख पटेल असे काहीही प्रसिद्ध करणे हा गुन्हा आहे आणि त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. सुदैवाने मराठीत ‘मूल’ हा शब्द नपुंसकलिंगी आहे. त्याचा असा उपयोग होईल हे शाळेत लिंगविचार घोकताना वाटले नव्हते.

मी नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालो. तेथे आयुष्यभर कागद मोजण्याचे आणि नोंदी ठेवण्याचे काम केल्यामुळे असेल, पण भिंतीपलीकडून रडणे ऐकू येऊ लागले तेव्हा मी ते एका वहीत तारीख आणि वेळ घालून लिहू लागलो. शाळा नसे त्या दिवशी सकाळी आठच्या सुमारास दाराला बाहेरून कुलूप लागे आणि ते संध्याकाळी सात, कधी साडेआठला उघडे. मधल्या काळात मूल आत एकटे असे. दुपारी गॅलरीच्या जाळीतून ते खालच्या भाजीवाल्याशी बोले, कधी माझ्या पत्नीकडे पोळी मागे. दोनदा दंडावर वळ दिसले. एकदा विचारले, तर ‘पडलो’ किंवा ‘पडले’ यांपैकी एक उत्तर मिळाले, आणि पडल्यावर वळ असे समांतर उमटत नाहीत एवढे कळण्याचे आमचे वय आहे.

मग सात आठवडे का लागले, याचा हिशेब मला द्यावा लागेल. आईवडील दोघेही सभ्य, जिन्यात भेटले की नमस्कार करणारे, सोसायटीची वर्गणी वेळेवर भरणारे. दुसऱ्याच्या संसारात नाक खुपसू नये हे संस्कार आमच्या पिढीत फार खोलवर गेलेले आहेत. सचिवांना सांगितले, तर त्यांनी विषय पुढच्या बैठकीत घेऊ असे म्हटले, जणू पाण्याच्या टाकीची गळती आहे. माझ्या मनात खरी भीती वेगळीच होती : आपण चुकत असलो तर? एखाद्या कुटुंबावर निष्कारण बालंट येईल, आणि आपण बरोबर असलो तरी मूल ‘रिमांड होम’मध्ये जाईल आणि तिथे त्याचे आणखी हाल होतील. या दोन्ही भीतींचे काय झाले ते पुढे येईलच.

प्रथम मी एका ओळखीच्या शिक्षिकेमार्फत मुलाच्या शाळेत निरोप पोहोचवला. उत्तर आले की मूल वर्गात शांत असते आणि पालकांची फी थकलेली नाही. या दोन वाक्यांपैकी पहिल्यानेच शाळेला काळजी वाटायला हवी होती, असे माझे मत आहे. त्यानंतर मी एका पोलिस ठाण्यात गेलो. ते कोणते हे लिहीत नाही, कारण दोष त्या टेबलावरच्या एका माणसाचा होता. त्यांनी मला नातेवाईक आहात का, मारताना प्रत्यक्ष पाहिले का आणि पुरावा काय, असे तीन प्रश्न विचारले आणि ही घरगुती बाब असल्याचे सांगून चहा विचारला. मी वही पिशवीतच ठेवून परत आलो.

येथे मी जे केले नाही ते वाचकांनी करावे. प्रत्येक पोलिस ठाण्यात किमान एक अधिकारी बाल कल्याण पोलिस अधिकारी म्हणून नेमलेला असावा आणि तो सहायक उपनिरीक्षकापेक्षा खालच्या दर्जाचा नसावा, असे याच अधिनियमाचे कलम १०७ सांगते. दारातल्या पहिल्या टेबलावर सगळी हकिगत सांगत बसण्याऐवजी ‘येथील बाल कल्याण पोलिस अधिकारी कोण आहेत?’ एवढेच विचारावे. आपल्याला कायद्यातले पदनाम माहीत आहे हे दिसले की संभाषणाचा सूर बदलतो. हे मला नंतर एका वकील भाच्याने सांगितले आणि तोवर माझे काम दुसऱ्या मार्गाने झालेले होते.

तो दुसरा मार्ग म्हणजे १०९८. हा क्रमांक मी रेल्वे स्थानकावर रंगवलेला कित्येकदा पाहिला होता आणि तो हरवलेल्या किंवा पळून आलेल्या मुलांसाठी आहे असा माझा समज होता. एका मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास, दार लावून, पत्नीला शेजारी बसवून मी तो फिरवला. पैसे पडत नाहीत, आधी कोणताही विभागक्रमांक लावावा लागत नाही आणि चोवीस तास केव्हाही लावता येतो. पलीकडून एका तरुण मुलीने मराठीत विचारलेला पहिला प्रश्न होता : “काका, मूल आत्ता या क्षणी सुरक्षित आहे का?” माझे नाव तिने त्यानंतर बऱ्याच वेळाने विचारले.

हा पहिला प्रश्न कोणत्या क्रमाने येतो यावर सेवेची पारख करावी असे मला वाटते. पोलिस ठाण्यात सुरुवात माझ्यापासून झाली होती, येथे ती मुलापासून झाली. या क्षणी मारहाण सुरू असती किंवा कोंडलेल्या घरात धूर असता तर ११२ हाच क्रमांक योग्य ठरला असता, आणि १०९८ ही सेवाही आता ११२ च्या आपत्कालीन यंत्रणेशी जोडलेली आहे. तसे नसल्याचे मी सांगितल्यावर तिने पुढचे प्रश्न संथपणे विचारले. मूल दिवसातून किती तास एकटे असते, मी स्वतः काय पाहिले आणि काय दुसऱ्याकडून ऐकले, वळ शरीराच्या कोणत्या भागावर होते, घरात आणखी कोण राहते, मूल शाळेत जाते का, पालक घरी केव्हा असतात, आणि शेवटी पोहोचण्यासाठी जवळची खूण कोणती. ‘पाहिले’ आणि ‘ऐकले’ यांतला फरक तिने दोनदा स्पष्ट करून घेतला. ‘पुरावा’ हा शब्द तिच्या तोंडून एकदाही आला नाही. मी वहीतील तारखा वाचून दाखवल्या तेव्हा ती थांबून लिहून घेत होती हे मला ऐकू येत होते.

नाव सांगायचे की नाही हे माझ्यावर सोडले होते. मी सांगितले, कारण पुन्हा काही विचारायचे झाले तर त्यांना सोयीचे जावे, मात्र ते त्या घरी कळू नये अशी अट घातली. “ते आम्ही कधीच सांगत नाही, काका,” असे उत्तर आले. संभाषण साधारण वीस मिनिटे चालले. फोन ठेवण्यापूर्वी मी नोंदणी क्रमांक मागून घेतला. त्यांनी तो आपणहून दिला असता की नाही कोण जाणे, पण प्रेसमधल्या माणसाला क्रमांकाशिवाय कागद सुटा वाटतो.

या सेवेचा इतिहास थोडक्यात सांगितल्यास तिच्या सध्याच्या रूपाविषयी बोलणे सोपे जाईल. १९९६ साली मुंबईत, टाटा समाजविज्ञान संस्थेतील एक प्रकल्प म्हणून, जेरू बिलिमोरिया यांच्या पुढाकाराने ती सुरू झाली. रस्त्यावरच्या मुलांना पाठ व्हावा म्हणून दहा-नऊ-आठ असा उलट मोजत यावा तसा क्रमांक घेतला गेला. पुढे बरीच वर्षे चाइल्डलाइन इंडिया फाउंडेशनच्या समन्वयाखाली गावोगावच्या स्वयंसेवी संस्था ती चालवत होत्या. २०२३ पासून ‘मिशन वात्सल्य’ या योजनेखाली तिचा कारभार केंद्र व राज्य सरकारांच्या महिला व बाल विकास यंत्रणेकडे आला असून, प्रत्यक्ष जागेवर जाण्याचे काम जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे असते. संस्थांच्या माणसांना ज्या गल्ल्या तोंडपाठ असत त्या सरकारी कक्षाला तशा पाठ होण्यास वेळ लागेल, असे माझे मत आहे. पण मुलाविषयी निर्णय घेणाऱ्या बाल कल्याण समितीपुढे जाणारा कागद सरकारी शिक्क्यानिशी जातो, हा त्यातला फायदाही मानावा लागेल.

त्याच दिवशी दुपारी जिल्हा कक्षातून एका ताईंचा फोन आला आणि त्यांनी पत्ता व वेळा पुन्हा पडताळून घेतल्या. दुसऱ्या दिवशी दोन व्यक्ती आल्या, त्यांतील एक महिला होती. त्या आमच्या दारावरून सरळ पुढे गेल्या. आमची घंटा वाजली नाही, आमच्याकडे कोणी मान वळवूनही पाहिले नाही. मी दाराच्या आतल्या बाजूला उभा होतो हे कबूल करतो. सुमारे तासाभराने त्या बाहेर पडल्या. त्या आठवड्यात त्या आणखी एकदा आल्या, आणि नंतर आईवडील मुलाला घेऊन एका सकाळी रिक्षाने कुठेतरी गेले व दुपारी तिघेही परत आले.

पुढे काय झाले ते मला माहीत नाही, आणि अनेक वाचकांना नाराज करील असा या सेवेचा भाग हाच आहे. तीन आठवड्यांनी मी नोंदणी क्रमांक सांगून चौकशी केली, तेव्हा प्रकरणात कार्यवाही सुरू आहे आणि अधिक तपशील देता येणार नाही, एवढेच सांगण्यात आले. मला राग आला. गॅस सिलिंडर नोंदवला तरी तो कुठवर आला ते कळते, आणि येथे एका मुलाविषयी काही कळू नये? पण रात्री विचार करताना लक्षात आले, की मला माहिती देणे म्हणजे त्या घरची माहिती इमारतीतील एका माणसाला देणे. मी ती दुसऱ्या दिवशी सकाळी जॉगिंग ट्रॅकवर कोणाला सांगितली नसती याची खात्री माझी मलाही देता येत नाही. ज्या गुप्ततेने माझे नाव राखले तीच गुप्तता त्या मुलाचीही राखत होती. एक हवी आणि दुसरी नको असे म्हणता येणार नाही. तरीही ‘कार्यवाही सुरू आहे’ या सरकारी वाक्याऐवजी ‘मुलाला आमच्यापैकी कोणीतरी भेटत राहते’ एवढे जरी सांगण्याची मुभा त्या खुर्चीवरच्या माणसाला असती, तर कोणाचीच गुप्तता न मोडता फोन करणाऱ्याला झोप लागली असती.

मला जे कळू शकत नाही ते कायद्यात मात्र वाचता येते, आणि ते वाचल्यावर माझी रिमांड होमची भीती बरीच ओसरली. उंटवाडीच्या निरीक्षणगृहावरून जाताना आपण नाशिककर मुलांच्या सर्वच संस्थांना सरसकट ‘रिमांड होम’ म्हणतो. वस्तुतः निरीक्षणगृह हे कायद्याशी संघर्ष झालेल्या मुलांसाठी असते. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलासाठी बालगृहाची तरतूद वेगळी आहे, आणि तेही शेवटचा उपाय म्हणून. निर्णय घेते ती बाल कल्याण समिती, म्हणजे एक अध्यक्ष आणि चार सदस्य, ज्यांत किमान एक महिला असलीच पाहिजे. समितीला प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात. मूल ताब्यात घेतले गेले तर प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत ते समितीपुढे हजर करावे लागते. समिती सामाजिक तपासणी मागवते, ती पंधरा दिवसांत पूर्ण व्हावी आणि अंतिम आदेश मूल प्रथम हजर झाल्यापासून चार महिन्यांत व्हावा, अशी मुदत आहे. या सर्वांतून मूल आपल्याच घरी, देखरेखीखाली राहणे हाही एक आदेश असू शकतो. ज्या अर्थी त्या दुपारी तिघेही परत आले, त्या अर्थी असेच काही झाले असावे असा माझा तर्क आहे. तो तर्कच आहे.

आमच्या प्रकरणात नव्हती, पण असती तर माझे सात आठवडे अक्षम्य ठरले असते, अशी एक गोष्ट येथे सांगणे आवश्यक आहे. लैंगिक अत्याचाराची बाब आली की फोन करणे ऐच्छिक राहत नाही. १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू असलेल्या पोक्सो कायद्याचे कलम १९ म्हणते की असा अपराध झाल्याचे ज्याला माहीत आहे किंवा तो होण्याची ज्याला धास्ती आहे, त्या प्रत्येक व्यक्तीने विशेष बाल पोलिस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवलेच पाहिजे. पोलिसांनी ती माहिती क्रमांक देऊन लेखी नोंदवावी आणि देणाऱ्यास वाचून दाखवावी, आणि चोवीस तासांच्या आत बाल कल्याण समिती व विशेष न्यायालय यांना कळवावे. न कळवणाऱ्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचे कृत्य दडवले तर एक वर्षापर्यंत कैद. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथील वसतिगृहाच्या प्रकरणात, नोव्हेंबर २०२२ मध्ये, माहीत असूनही न कळवणे हा गंभीर अपराध आहे आणि बहुतेक वेळा तो गुन्हेगाराला पाठीशी घालण्याचाच प्रयत्न असतो, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. दुसऱ्या बाजूने, सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही, हेही कलम १९ मध्येच आहे. शिक्षा आहे ती एखाद्याची बदनामी किंवा छळ करण्याच्या हेतूने मुद्दाम खोटी तक्रार करणाऱ्याला. ‘आपण चुकत असलो तर?’ या माझ्या प्रश्नाचे उत्तर इतके सरळ लिहून ठेवलेले असेल याची मला कल्पना नव्हती.

हेळसांड कोणती आणि गरिबी कोणती, हा प्रश्न मात्र कायदा वाचूनही पूर्ण सुटत नाही आणि फोन करणाऱ्याने तो स्वतः सोडवू नये असे मला वाटते. दिंडोरी, निफाडकडे द्राक्षांच्या छाटणीला सुरगाणा आणि पेठ तालुक्यांतून कुटुंबेच्या कुटुंबे येतात, आणि बांधावर साडीच्या झोळीत बाळ, त्याच्या राखणीला पाच वर्षांची ताई, असे दृश्य आपण सगळेच पाहतो. त्या आईवर कोणी हेळसांडीचा ठपका ठेवू नये. केवळ परिस्थितीमुळे, इच्छा नसताना आईवडिलांकडून मूल दुरावले तर ते जाणूनबुजून टाकले असे मानू नये, असे क्रूरतेबाबतचे कलम ७५ स्वतःच सांगते. पण त्याच गरिबीच्या आडोशाने काय घडू शकते तेही याच जिल्ह्याने पाहिले आहे : २०२२ साली इगतपुरी तालुक्यातील कातकरी कुटुंबांतील लहान मुले मेंढ्या राखण्यासाठी वेठबिगार म्हणून शेजारच्या जिल्ह्यात पाठवली गेल्याचे उघडकीस आले, तेही त्यांतील एका दहा वर्षांच्या मुलीचा मृत्यू झाल्यानंतर. त्या मुली-मुलांना मेंढ्यांमागे चालताना रस्त्यावरच्या कितीतरी लोकांनी पाहिले असणार, आणि प्रत्येकाने ते मेंढपाळाचेच मूल समजून गाडी पुढे नेली असणार.

गुण द्यायचेच झाले तर फोन उचलण्याच्या पद्धतीला, प्रश्नांच्या क्रमाला आणि नाव राखण्याला पूर्ण द्यावेत. कळवणाऱ्याला नंतर धीराचे चार शब्द मिळण्याच्या बाबतीत मी गुण कापतो. आणखी एक त्रुटी प्रसिद्धीची आहे : स्थानकावर हा क्रमांक दिसतो, पण सोसायटीच्या जिन्यात, जिथे लिफ्टच्या देखभालीचा आणि पाण्याच्या टँकरचा क्रमांक चिकटवलेला असतो, तिथे तो नसतो. आमच्या फलकावर मी तो मार्करने लिहिला. सचिवांनी दोन दिवसांनी विचारले की हा कशाचा नंबर, आणि मी सांगितल्यावर तो पुसला नाही, एवढे त्यांच्या बाजूने लिहून ठेवतो.

शेजारचे वडील हल्ली जिन्यात भेटले की खाली पाहून जातात. त्यांना माझा संशय आहे की एकूणच सगळ्या इमारतीचा, हे मी ठरवू शकलेलो नाही. घरी गावाकडून एक वृद्ध बाई राहायला आल्या आहेत. मूल त्यांना आजी म्हणते, आणि दुपारी त्या दोघांच्या पत्त्यांच्या डावाचे आवाज भिंतीतून येतात. माझ्या वहीत गेल्या महिन्याची नोंद सलग एकच आहे, ‘कुलूप नाही’. वही मी फेकलेली नाही. पहिल्या पानावर नोंदणी क्रमांक आहे, आणि पुन्हा फोन करण्याची वेळ आली तर तारखांसह तीच समोर ठेवून मी बोलणार आहे.